कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या आणि उरलेल्या औषधाची सुरक्षित विल्हेवाट

फवारणी करताना हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा याबाबत आता बरीच जागरूकता आली आहे. फवारणी संपल्यावर मात्र रिकामी बाटली बांधावर, विहिरीच्या कडेला किंवा गोठ्यात पडून राहते. काही दिवसांनी तीच बाटली डिझेल, पाणी किंवा तेल ठेवायला वापरली जाते, मुलांच्या खेळात येते किंवा भंगारात जाते. बाटली रिकामी दिसली तरी तिच्या तळाला, कडांना आणि झाकणाच्या आट्यांत औषध शिल्लक असते.

याचे परिणाम किती भयंकर असू शकतात, हे बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावात जुलै २०१३ मध्ये दिसले. शाळेतील मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुलांचा मृत्यू झाला. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेल्याचे त्या वेळी पुढे आले होते.

तीन वेळा धुणे का गरजेचे?

समजा, एक लिटरच्या बाटलीत ओतून झाल्यावर १० मि.लि. औषध चिकटून राहिले आणि दर वेळी ओतल्यानंतरही १० मि.लि. द्रावण आत राहते.

- ७५० मि.लि. पाण्याने एकदाच धुतल्यास सुमारे ०.१३ मि.लि. मूळ औषध बाटलीत उरते.
- तेच पाणी २५० मि.लि. याप्रमाणे तीन वेळा वापरल्यास उरणारे औषध ०.००१ मि.लि.पेक्षाही कमी असते.

म्हणजे पाणी तेवढेच लागते, पण शिल्लक औषध दोनशे पटींहून अधिक कमी होते. शिवाय धुतलेले पाणी पंपातच जात असल्याने विकत घेतलेले औषध पिकाच्या कामी येते.

धुण्याची पद्धत

बाटलीतील शेवटचे माप ज्या पंपात किंवा ड्रममध्ये टाकायचे, तिथेच बाटली लगेच धुवावी. औषध वाळले की ते सहज निघत नाही. हातमोजे व चष्मा घातलेलाच ठेवावा.

१. बाटली पंपावर उलटी धरून थेंब पडायचे थांबेपर्यंत, साधारण ३० सेकंद निथळू द्यावी.
२. बाटलीचा पाव भाग स्वच्छ पाण्याने भरून झाकण घट्ट लावावे.
३. सर्व बाजूंना पाणी लागेल अशी ३० सेकंद हलवावी.
४. पाणी पंपात ओतून पुन्हा ३० सेकंद निथळू द्यावे.
५. ही कृती आणखी दोनदा करावी. झाकण व मापाचे भांडेही धुवून ते पाणी पंपातच टाकावे.

धुण्याचे पाणी पंपातील एकूण पाण्याच्या मापात धरावे. तणनाशकाची बाटली धुतलेले पाणी तणनाशकाच्याच पंपात जावे. ते कीटकनाशकाच्या पंपात गेल्यास पिकाला इजा होऊ शकते. बाटली किंवा पंप विहीर, ओढा, कालवा, जनावरांचा हौद येथे धुवू नये. कागदी पिशव्या धुता येत नाहीत. त्या पूर्ण झटकून फाडाव्यात आणि बाटल्यांबरोबरच वेगळ्या ठेवाव्यात.

धुतल्यानंतर काय करावे?

तीन वेळा धुतलेली बाटलीही घरगुती वापरासाठी सुरक्षित नसते, कारण प्लॅस्टिकमध्ये औषध मुरलेले असते. त्यामुळे तळाला व बाजूंना भोके पाडून ती निकामी करावी. भोके पाडताना लेबल शक्यतो शाबूत ठेवावे. अशा बाटल्या एका जाड पोत्यात, मुले व जनावरे पोहोचणार नाहीत अशा बंद जागी साठवाव्यात.

- तालुक्यात कंपनी किंवा विक्रेत्यामार्फत बाटल्या गोळा केल्या जात असतील, तर त्या तिथेच द्याव्यात. प्लॅस्टिक वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.
- अशी सोय नसल्यास कीटकनाशक नियम, १९७१ मधील नियम ४४ नुसार वेष्टन मोडून वस्तीपासून दूर पुरावे. जागा विहीर, बोअरवेल व ओढ्यापासून लांब, पुराचे पाणी न येणारी असावी. खड्डा नांगराच्या फाळाला किंवा कुत्र्यांना लागणार नाही इतका खोल घ्यावा.
- बाटल्या जाळू नयेत. प्लॅस्टिक व औषधाचा विषारी धूर थेट श्वासात जातो.
- भंगारवाल्याला विकू नयेत. तिथून त्या पुन्हा कोणाच्या घरात जातील, यावर आपले नियंत्रण राहत नाही.

उरलेले द्रावण आणि मुदत संपलेले औषध

क्षेत्र मोजून तेवढेच द्रावण तयार करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तरीही थोडे उरल्यास त्याच पिकाच्या न फवारलेल्या भागावर शिफारशीच्या मात्रेत फवारावे. ते नाल्यात किंवा मोरीत ओतू नये.

मुदत संपलेली कीटकनाशके घातक कचऱ्यात मोडतात. ती नष्ट करण्यासाठी विशेष भट्ट्या लागतात, शेतावर ते शक्य नाही. म्हणून असे औषध जमिनीत ओतू नये, दुसऱ्या बाटलीत काढू नये आणि शेजाऱ्यालाही देऊ नये. मूळ बाटलीतच, 'वापरू नये' अशी खूण करून, बियाणे, धान्य व पेंडीपासून दूर कुलपात ठेवावे. खरेदीची पावती जपून विक्रेत्याला परत घेण्याबाबत विचारावे. तो तयार नसल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयाला कळवावे. खरेदी करतानाच मुदतीची तारीख पाहावी व एका हंगामात संपेल तेवढेच औषध घ्यावे.

विषबाधा झाल्यास

औषध अंगावर सांडल्यास कपडे लगेच काढून साबण-पाण्याने अंग धुवावे. औषध पोटात गेल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उलटी करवू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यावे. लेबलवर औषधातील घटक व उताऱ्याची माहिती असते, ती पाहून डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.

कृषी सहायक व शेतकरी गटांसाठी

एकेका शेतकऱ्याच्या चार-दोन बाटल्यांसाठी कोणी गाडी पाठवत नाही, पण गावाच्या पाच-सहा पोत्यांसाठी विक्रेत्याशी किंवा कंपनीच्या प्रतिनिधीशी बोलता येते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचरा म्हणून नोंदवले होते. हा मुद्दा ग्रामसभेत मांडून धुतलेल्या बाटल्यांसाठी एक बंद खोली किंवा टाकी मागता येईल. खरीप फवारणीच्या प्रात्यक्षिकात पंप भरण्याबरोबर बाटली धुऊन तिला भोक पाडून दाखवावे. फवारणीला येणाऱ्या मजुरांनाही ही पद्धत तिथेच शिकवावी, कारण रिकामी बाटली बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते.