बोनेटवर मनी, दारावर चरा

पहिली गाडी घेतली की माणसाची झोप बदलते. बाइक होती तेव्हा स्टँड लावला, हँडल लॉक केलं, विषय संपला. पण पाच वर्षांच्या ईएमआयवर घेतलेली चकाचक हॅचबॅक रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी असते, तेव्हा खाली जरा खुट्ट झालं की आपण थेट गॅलरीत! तुमचंही असंच होत असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच.

आमची सोसायटी कोथरूडमधली, ऐंशीच्या दशकातली. त्या काळी पुण्यात घरटी एक स्कूटर आणि दोन सायकली असायच्या, पार्किंगही तेवढंच काढलेलं. आता प्रत्येक फ्लॅटला किमान एक कार. त्यामुळे अर्ध्याहून जास्त गाड्या बाहेर, झाडाखाली, भिंतीला खेटून. थोडक्यात, ‘आओ जाओ घर तुम्हारा’.

गेल्या थंडीत एका सकाळी आमच्या रांगेतल्या चार गाड्यांवर ओरखडे सापडले. त्यात माझीही होती. रविवारी लगेच मीटिंग लागली आणि दहा मिनिटांत आरोपी ठरलासुद्धा: मांजरं! तळमजल्यावरच्या काकू पाच-सहा मांजरांना रोज दूध-पोळी घालतात, ती रात्री गाड्यांवर झोपतात, म्हणजे ओरखडे त्यांचेच. एक जण म्हणाले, ‘पोत्यात भरून लांब सोडून या.’ दुसऱ्यांनी आवाज खाली आणून ‘औषध घालण्याचा’ उपाय सुचवला. काकू काहीच बोलल्या नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मी म्हटलं, ‘काका, शिक्षा नंतर ठरवू. आधी खाली जाऊन गाड्या तर नीट बघू या.’

ओरखडा वाचायला शिका

गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. कंपनीतून येतानाचे हे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतके! त्यामुळे ओरखडा कशानेही पडतो. पण कोण काय करून गेलं, हे त्याच्या जागेवरून आणि आकारावरून बऱ्यापैकी कळतं.

मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. ती बाहेर येतात ते उडी मारताना किंवा पाय घसरल्यावर. म्हणून मांजराचे ओरखडे बोनेटवर, टपावर किंवा काचेच्या उतारावर सापडतात. आखूड, बारीक आणि बहुधा एकमेकांना समांतर. शिवाय सोबत मातीच्या पावलांची सही असते.

आमच्या चारही गाड्यांवर होता तो चरा. रस्त्याकडच्या बाजूला, दोन्ही दारांवरून सलग गेलेला, कमरेच्या उंचीवर. चालता चालता हातातली किल्ली टेकवली की जसा उमटेल, अगदी तसा. आता एवढ्या उंचीवर, सरळ रेषेत आणि चार गाड्यांवर ओळीने चरे ओढणारं मांजर मी तरी पाहिलेलं नाही! मीटिंगमधला आवाज एकदम खाली आला. काकूंनी मात्र पहिल्यांदा मान वर केली.

मनीला हवी असते ऊब

तरीही मांजरांचा त्रास खोटा नसतो. ऑफिसमधून आल्यावर बोनेट बराच वेळ गरम राहतं आणि थंडीत मांजराला याहून चांगली गादी कुठे मिळणार? म्हणून पहिला उपाय सोपा आहे: बोनेटवर एक जुनी गोधडी किंवा जाड चादर टाका. नखं कापडात अडकतील, रंगाला लागणार नाहीत. पूर्ण कव्हर घालत असाल तर इंजिन गार झाल्यावर घाला आणि धुळीने माखलेल्या गाडीवर तर अजिबात घालू नका. वाऱ्याने कव्हर हललं की खालची धूळ पॉलिश पेपरचं काम करते. तेच पावलांच्या ठशांचं. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नका. आधी पाणी ओता, मग मऊ मायक्रोफायबरने टिपा.

गाडीभोवती लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवायची पद्धत तुमच्याही गल्लीत असेल. आमच्याकडे एक मांजर त्याच बाटलीला टेकून झोपतं. संत्र्याच्या सालींचा वास काही मांजरांना आवडत नाही, पण तो थोड्याच वेळात उडून जातो. डांबराच्या गोळ्या आणि फिनेल मात्र कटाक्षाने टाळा. दोन्ही मांजरांसाठी विषारी आहेत आणि खाली खेळणाऱ्या लहान मुलांसाठीही धोक्याच्या.

खरा उपाय म्हणजे मांजरांना दुसरी बरी जागा देणं. आम्ही काकूंशी बोललो. त्यांनी खाऊ घालायची जागा पार्किंगपासून हलवून मागे पंपरूमजवळ नेली, वेळ ठरवली आणि तिथे खोक्यात गोणपाट घालून दोन बिछाने केले. बहुतेक मंडळी तिकडे शिफ्ट झाली. एक बोका अजून माझ्याच बोनेटवर येतो, त्याच्यासाठी गोधडी आहे. मांजरांची संख्या वाढू नये म्हणून नसबंदी करून घेणं हा लांबचा पण पक्का मार्ग. आणि हो, मांजरांचा वावर असला की उंदीरही जरा जपून असतात. गाडीची वायरिंग कुरतडल्याचं बिल ज्याने भरलंय, त्याला याची किंमत विचारा!

थंडीत एक सवय मात्र लावून घ्याच. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा. उबेसाठी मांजराची पिल्लं खालून थेट इंजिनपर्यंत चढून बसतात.

माणसाला काय हवं असतं?

मांजराला ऊब हवी असते. माणसाचं गणित वेगळं. त्याला अंधार आणि अनोळखीपणा पुरतो. पुण्यात रात्री कोयते, दांडकी घेऊन रस्त्यावरच्या गाड्या फोडण्याचे प्रकार वारंवार झाले आहेत. तिथे एकट्यादुकट्याने खाली धावत जाण्यात शहाणपणा नाही. घरातूनच ११२ला फोन लावा. पण गल्लीतला चरा, वाकवलेला वायपर, सोडलेली हवा यांमागे बऱ्याचदा पार्किंगचा राग असतो. कुंडी किंवा दगड ठेवून सार्वजनिक रस्त्यावर ‘ही माझी जागा’ म्हणणारे महाभाग तुम्हालाही माहीत असतील.

आमचा कॅमेरा फक्त गेटकडे बघत होता, त्यामुळे चरे कुणी ओढले ते कळलंच नाही. आता एक कॅमेरा रस्त्याकडे आहे. कोपऱ्यातला बंद दिवा तक्रार करून सुरू करून घेतला. आणि आम्ही सगळ्यांनी डॅशबोर्डवर फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावली. परिणाम? रात्री दोनदा बेल वाजली, ‘जरा गाडी पुढे घेता का?’ म्हणून. बेल परवडली, चरा नाही! ज्याला तुमचं दार माहीत असतं, त्याचा राग बेलवर निघतो.

कायदा आणि विमा

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मुद्दाम केलेलं नुकसान ‘आगळीक’ म्हणून कलम ३२४मध्ये येतं. साध्या आगळिकीला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नुकसान २० हजार ते १ लाख रुपयांच्या दरम्यान असेल तर २ वर्षांपर्यंत. आणि प्राण्याला विष घालणं? कलम ३२५, ५ वर्षांपर्यंत! ‘औषध’ सुचवणाऱ्या काकांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी चहा मागवला.

विम्याचं म्हणाल तर नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत, त्यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह लागते. पण छोट्या चऱ्यासाठी क्लेम टाकण्याआधी हिशेब करा. क्लेम न केल्यास मिळणारा नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, क्लेम केला की साधारणपणे तो शून्यावर येतो. चऱ्यावरून नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर बहुधा पॉलिशवर भागतं. अडकलं तर पेंटरकडे चला.

रात्री गाडी लावताना

• दिव्याखाली, कॅमेऱ्याच्या टप्प्यात लावा. कुणाचं गेट अडवू नका.
• आरसे मिटवा. सीटवर लॅपटॉपची बॅग काय, रिकामी पिशवीसुद्धा ठेवू नका.
• नुकसान दिसलं की हात लावण्याआधी फोटो काढा.
• फुटेज त्याच दिवशी मागा. बऱ्याच सिस्टिममध्ये जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.
• वॉचमनचं नाव माहीत करून घ्या. शेवटी रात्री तीन वाजता तुमची गाडी बघणारा तो एकटाच जागा असतो. तो आणि बोका!