चाळ सुटली तरी शेजार सुटू नये

मुंबई ही देशाची आर्थिक राजधानी आहे, असे आपण शाळेच्या पुस्तकात वाचले. पण ज्या मुंबईवर आमचा जीव आहे, ती मुंबई शेअरबाजारात नाही. ती वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत आहे. दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, मधून लांब पॅसेज, टोकाला सर्वांचे मिळून संडास. अशा एका मजल्यावर आम्ही लहानाचे मोठे झालो. कुणाच्या घरी बोंबील भाजला आहे आणि कुणाच्या घरी आज चूलच पेटली नाही, हे न सांगता कळायचे. दुसऱ्या गोष्टीची दखल आधी घेतली जायची.

या चाळी इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधल्या. तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. शिवडी धरून एकूण इमारती २०७. सरकारने भिंती उभ्या केल्या, वस्ती मात्र माणसांनी केली. कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसांनी एका खोलीत दहा-दहा जणांना सामावून घेतले. गावाहून आलेल्या भाच्याला नोकरी लागेपर्यंत पॅसेजमध्ये पथारी मिळायची. त्याचे भाडे कुणी मागितले नाही.

चाळीच्या लहान खोलीत मोठे काम होऊ शकते, याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांचे बिऱ्हाड १९१२ ते १९३४ या काळात होते. खोल्या दोनच, क्रमांक ५० आणि ५१. जवळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी त्यांनी सभा बोलावली आणि त्यातूनच त्या वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. शिक्षणासाठी वसतिगृहे काढणे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग चालवणे ही या संस्थेची उद्दिष्टे होती. पुढे वस्त्यावस्त्यांतून मंडळे, अभ्यासिका, बुद्धविहार उभे राहिले, ते याच वाटेने.

आमच्या पिढीने त्या मंडळाचे मीठ खाल्ले आहे. दहावीच्या परीक्षेआधी मंडळाच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू असे. मोठी मुले लहानांचे गणित घेत. फी नव्हती, पण उशिरा येणाऱ्याला बोलणी बसत. मजल्यावरच्या बायकांची भिशी असे. २० घरांनी महिना शंभर रुपये टाकले तर एका घरी एकदम दोन हजार येतात, हा हिशेब आम्ही बी.कॉम. होण्याआधीच आयांकडून शिकलो. पाळी ठरलेली असली तरी ज्या घरी आजारपण आहे त्या घराला ती आधी दिली जाई. मयत झाली की कुणाला बोलवावे लागत नसे. एक जण दाखल्यासाठी धावे, दुसरा सामान आणी आणि तिसऱ्या घरातून चहाची किटली येई.

याचा अर्थ सारे गोडच होते असे नाही. संडासाची रांग, सांडपाण्यावरून भांडणे, पावसात गळणारी भिंत, दारूपायी उठलेली घरे, हेही आम्ही पाहिले. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चात पँथरचे भागवत जाधव मारले गेले. या शहराने आपल्याला सारे काही प्रेमाने दिले नाही. पुष्कळसे झगडून घ्यावे लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगार थांबले, पुष्कळांची गिरणी कायमची सुटली. त्या दिवसांत घरे तगली ती शेजारच्या उसनवारीवर आणि बायकांनी लाटलेल्या पोळ्यांवर, भरलेल्या डब्यांवर.

आता चाळी पाडून टॉवर होत आहेत. २०१७ साली पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरातच संडास, मुलांना वेगळी खोली, म्हाताऱ्यांना लिफ्ट. आमच्या आयाबहिणींनी हे सुख पूर्वीच मिळवायला हवे होते. जुन्या खोलीसाठी रडत बसण्याचे कारण नाही.

काळजी वेगळी आहे. चाळीत शेजार आपोआप घडत होता, कारण दार उघडेच असे. टॉवरमध्ये दार लागते. चाळिसाव्या मजल्यावरच्या आजीला दोन दिवस बरे नाही, हे खाली कळणार कसे? जे आपोआप होत होते, ते आता ठरवून करावे लागेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. सोसायटी स्थापन होताना केवळ पार्किंगवर भांडू नका. अभ्यासिकेची जागा पहिल्याच सभेत मागून घ्या आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या. प्रत्येक मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करा आणि रोज दार वाजवणारा एक तरुण नेमा. भिशी बंद करू नका. मेंटेनन्सचे बिल थकलेल्या घराचे नाव फळ्यावर लावण्याआधी, त्या घरी जाऊन कारण विचारा. जयंतीची वर्गणी काढताना त्यातला ठरावीक वाटा वह्या-पुस्तकांसाठी बाजूला ठेवा.

घर मोठे झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. येत्या रविवारी समोरचे दार वाजवून आपली ओळख करून द्या. सुरुवात तेवढ्यानेही होते.