ऊन पाहायचं, पण पावसावर नजर ठेवून

अँटिलोप कॅन्यनमध्ये एकट्यादुकट्याने शिरता येत नाही. तिकीट आधी काढायचं, ठरलेल्या वेळी हजर व्हायचं आणि वाटाड्याच्या मागोमाग चालायचं. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातली ही वाळूच्या खडकातली घळ नावाहो आदिवासींच्या भूमीत आहे आणि तिचा कारभारही त्यांच्याच हाती आहे.

लास वेगासहून एका दिवसात जाऊन यायचं तर पहाटेच निघावं लागतं; पेज गावापर्यंतच साडेचार तास मोडतात. हे गाव १९५७ साली ग्लेन कॅन्यन धरणाच्या कामगारांसाठी वसवलं गेलं. उन्हाळ्यात इथे वेळेचा घोळ होतो. नावाहो भूमीतली घड्याळं तासभर पुढे जातात, उरलेल्या अ‍ॅरिझोनातली नाहीत; आणि सहली चालतात अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर. मोबाइलवर विसंबणाऱ्याची वेळ हुकायला एवढं पुरतं.

घळीचे मुख्य भाग दोन. वरच्या भागाच्या तोंडाशी गाडी वाळू तुडवत नेऊन सोडते आणि आत सपाटीवर चालायचं असतं. खालच्या भागात मात्र अरुंद लोखंडी जिने आहेत. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. वरचा भाग माथ्याशी चिंचोळा, तळाशी रुंद. म्हणूनच मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, भर दुपारी, उन्हाचे झोत थेट जमिनीवर उतरतात. त्या वेळेची तिकिटं सर्वांत महाग आणि गर्दीही तेव्हाच. झोत उठून दिसावा म्हणून वाटाडे मूठभर वाळू उधळतात. पर्यटकांच्या फोनची सेटिंग्जही तेच जुळवून देतात. फोटोतला केशरी रंग डोळ्यांना दिसतो त्याहून भडक येतो, हे जाण्याआधीच माहीत असलेलं बरं. छायाचित्रकार पीटर लिक याचं इथलंच ‘फँटम’ हे कृष्णधवल छायाचित्र ६५ लाख डॉलरला विकलं गेल्याचा दावा २०१४ साली झाला. घेणाऱ्याचं नाव गुलदस्त्यातच राहिलं. आता ट्रायपॉड न्यायला बंदी आहे.

नाव झालं उन्हाचं, पण घळ घडवली पाण्याने. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा खडक झाला आणि अचानक येणाऱ्या लोंढ्यांनी, त्यातल्या वाळूनेच, तो घासून काढला. हे काम अजून थांबलेलं नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पाऊस पडला तो काही मैल वर. लोंढा मात्र खालच्या घळीत घुसला आणि ११ पर्यटक गेले. वाचला तो फक्त त्यांचा वाटाड्या. तेव्हाच्या लाकडी शिड्यांच्या जागी आज खडकात पक्के बसवलेले लोखंडी जिने आहेत आणि हवामानावर सतत लक्ष असतं.

जुलै ते सप्टेंबर हा तिथला पावसाळा. या दिवसांत डोक्यावर कडक ऊन असतानाही सहल रद्द होऊ शकते आणि वाटाड्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो. तशी वेळ आलीच, तर कोलोरॅडो नदीचं प्रचंड वळण दाखवणारा हॉर्सशू बेंड पेजपासून जेमतेम काही मैलांवर आहे. तिथे वाटाड्या लागत नाही. टोपी आणि पाण्याची बाटली मात्र हवी.