जळिताचें त्रैराशिक

एके सकाळीं आमच्या घरीं धाकट्या सुनेच्या पदरानें शेगडीवर पेट घेतला. गांव नांदेड जिल्ह्यांतील आडवळणाचा. मोटार मिळवून शहरीं पोंचलों, तों डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "किती वाजतां भाजलें?" घरांत अकरा माणसें, परंतु एकासही सांगतां येईना. जन्मभर घंटेवर शाळा चालविणाऱ्या मलाही नाहीं!

त्या प्रश्नाचें मर्म मागाहून कळलें. मोठ्या जळितांत रक्तांतील पाणी शिरांबाहेर झिरपतें, म्हणून पहिल्या अहोरात्रांत सलाईन देणें हा मुख्य उपाय. त्याचें गणित अमेरिकेंतील डल्लासच्या पार्कलंड रुग्णालयांतील डॉ. बॅक्स्टर यांनीं १९६८ सालीं मांडलें: वजनाच्या दर किलोस, जळलेल्या त्वचेच्या दर टक्क्यास, चार मिलिलिटर. साठ किलोच्या स्त्रीची तीस टक्के त्वचा जळाली तर ७२०० मिलिलिटर. पैकीं निम्में पहिल्या आठ तासांत. हे आठ तास मोजावयाचे ते भाजल्या क्षणापासून. तत्काळ आरंभ झाल्यास तासास ४५०. पण किनवट वा उदगीरकडून येतांना वाटेंत दोन तास गेले, तर उरलेल्या सहा तासांत ३६००, म्हणजे तासास ६००.

हें सूत्र केवळ आरंभापुरतें. सलाईन कमी पडलें तर मूत्रपिंडें थकतात. अधिक झालें तर फुप्फुसांत व पोटांत पाणी सांचून तेंही जिवावर बेततें. म्हणून दर तासास लघवी मोजावी, प्रौढांत ती ३० ते ५० मिलिलिटर राहील अशी धार कमीअधिक करावी. रात्रीं तीन वाजतां थकल्या डोळ्यांनीं हा हिशेब चुकावयाचाच. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथें अमेरिकी सैन्याच्या शस्त्रक्रिया-संशोधन संस्थेनें तो संगणकाकडे सोंपविला. वजन, जळिताचें प्रमाण, भाजल्याची वेळ आणि तासातासाची लघवी त्यास सांगावी. तो पुढील तासाची धार सुचवितो. मानावें कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं ठरवावें. उदाहरण विद्यार्थ्यानें सोडवावें व गुरुजींनीं तपासावें, तशीच ही रीत. मला ती फार आवडली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील अनुभवांत या साह्यानें रुग्णांस सलाईन कमी लागलें व लघवीही अधिक वेळ योग्य प्रमाणांत राहिली.

मात्र वेळच चुकीची सांगितली, तर संगणक तरी काय करणार?

सून वांचली. आतां स्वयंपाकघरांत घड्याळाखालीं मीं खडूनें लिहून ठेवलें आहे: साधें वाहतें पाणी वीस मिनिटें, बर्फ, तूप, हळद, शाई नको, वेळ टिपा. त्याखालीं घरांतील प्रत्येकाचें वजन सूनबाईनेंच लिहिलें आहे.