ग्रासमीअर : कवीचे गाव, पाहुण्यांचे गाव

इंग्लंडच्या वायव्येला कंब्रिया परगण्यात डोंगर आणि तळ्यांचा प्रदेश आहे. त्याला 'लेक डिस्ट्रिक्ट' म्हणतात. त्यातलेच एक लहानसे गाव ग्रासमीअर. गावाजवळच्या तळ्याचेही नाव तेच. दगडी घरे, मेंढ्यांची कुरणे आणि भोवती डोंगर. अशी गावे इंग्लंडमध्ये आणखीही आहेत. मग जगभरचे लोक इथेच का येतात?

त्याचे कारण एक कवी. विल्यम वर्डस्वर्थ १७९९ च्या डिसेंबरात बहीण डोरोथीसह इथे राहायला आले. त्यांचे भाड्याचे घर पूर्वी एक खानावळ होती. आज ते 'डव्ह कॉटेज' म्हणून ओळखले जाते. १८०८ पर्यंत ते तिथे राहिले. डॅफोडिल फुलांवरची त्यांची कविता आम्ही शाळेत पाठ केली, ती याच काळातली. १८९१ पासून हे घर सर्वांना पाहण्यासाठी खुले आहे. १८५० मध्ये कवीचे निधन झाले. त्यांची कबर गावच्या चर्चच्या आवारात आहे.

गंमत अशी की, वर्डस्वर्थ यांनी स्वतःच या प्रदेशाचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि लोकांची उत्सुकता वाढवली. मात्र १८४४ मध्ये विंडरमीअरपर्यंत रेल्वे आणायचे ठरले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून कडाडून विरोध केला. गर्दीने शांतता जाईल, ही त्यांची भीती खरी होती. पण कारखान्यांतल्या कामगारांना हे सौंदर्य कळणार नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. ते आम्हाला पटत नाही. निसर्ग पाहण्याची नजर ही काही श्रीमंतांची जहागीर नव्हे. १८४७ मध्ये रेल्वे विंडरमीअरला आली. ग्रासमीअरपर्यंत मात्र ती कधीच पोहोचली नाही.

पाहुण्यांमुळे गावाला रोजगार मिळाला. सारा नेल्सन नावाच्या एका गरीब बाईने १८५४ मध्ये आल्याचा एक पदार्थ विकायला सुरुवात केली, धड केक नाही, धड बिस्कीटही नाही. तो आजही तिच्याच घरातल्या दुकानात मिळतो आणि त्याची कृती अजून गुपित आहे. आम्हा शिक्षकांना विशेष वाटते ते हे, की ही इमारत मूळची गावची शाळा. ती १६३० मध्ये बांधली गेली आणि वर्डस्वर्थ यांनीही तिथे काही काळ शिकवले. पूर्वी चर्चच्या मातीच्या जमिनीवर लव्हाळे अंथरत. आता फरशी आहे, तरी दरवर्षी मुले लव्हाळे आणि फुले घेऊन मिरवणूक काढतात.

हा सारा प्रदेश १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. बांधकामावर कडक बंधने आली, म्हणून डोंगर आणि कुरणे टिकली. पण दुसरी बाजूही आहे. बाहेरच्या लोकांनी सुट्टीपुरती घरे घेतली, किमती चढल्या आणि पाहुण्यांची सेवा करणाऱ्या तरुणांनाच तिथे घर परवडेनासे झाले.

गाव नुसते देखणे राहून चालत नाही. त्यात चूल पेटली पाहिजे, शाळेची घंटा वाजली पाहिजे. आपणही सुट्टीत मुलाबाळांसह अशा ठिकाणी जातो. तिथे कचरा न करणे ही झाली पहिली पायरी. मुक्काम तिथल्या माणसाच्या घरी करावा, खरेदी त्याच्या दुकानातून करावी आणि मुलांना सांगावे की, हे कोणाचे तरी घर आहे, आपण इथे पाहुणे आहोत.