चोवीस इंचांचा हिशेब

दोहातल्या नजमा भागात आमचा दोन खोल्यांचा संसार. लॅपटॉपवर वाकून कोड लिहिताना मान धरली, तेव्हा मॉनिटर घ्यायचं ठरलं. बजेट ५०० रियाल. घरी पैसे पाठवून उरतात तेवढेच!

दुकानात २७ इंची फुल एचडी स्वस्तात दिसला. मन पाघळलंच. पण तेच १९२० बाय १०८० पिक्सेल २७ इंचांवर पसरले की इंचाला साधारण ८२ येतात, २४ इंचांवर ९२. आमचं काम दिवसभर बारीक अक्षरांचं, हा फरक डोळ्यांना कळतो. फोर-के तर बादच. माझ्या जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४, त्यावर फोर-के ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही, माउस अडखळतो.

शेवटी मायदेशी निघालेल्या केरळी शेजाऱ्याचा २४ इंची आयपीएस ३०० रियालला घेतला. स्टँडची उंची बदलता येते, मानेला तेच हवं होतं. पडदा पूर्ण पांढरा, मग काळा करून मेलेले पिक्सेल तेवढे तपासले.

खोकाही मागून घेतला. त्यावर त्यानं मार्करनं कोचीचा पत्ता लिहिलेला. कार्गोचा खर्च ऐकून बेत बदलला म्हणे. खोका आता आमच्या कॉटखाली आहे.