एका दमात किती आकडे

मण्यारीचा दंश बहुतेकदा दुखतच नाही. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर माणसे जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. भक्ष्याच्या मागावर घरात शिरलेली मण्यार झोपेत चावून जाते आणि माणूस पहाटे उठतो तो पोटदुखीने. सूज नसते, दाताची खूण दिसेलच असे नाही. रात्रीचे जेवण बाधले असेल, असे घरच्यांना वाटते. मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळता येईनाशी होते. तेव्हा कुठे आटगावच्या एखाद्या पाड्यावरून रिक्षा किंवा जीप शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघते.

तिथे सिस्टर त्याला म्हणते, “दादा, मोठा श्वास घ्या आणि एका दमात जमतील तेवढे आकडे मोजा.” निरोगी माणूस तिशीच्या पुढे जातो. समजा, हा २५ वर थांबला. थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावले, तर १८ वरच दम संपला. दोन्ही वेळा बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता. यंत्रापुरते पाहिले तर रुग्णात काहीच बदल झालेला नाही. सिस्टरला मात्र कळलेले असते की छातीचे स्नायू हरू लागले आहेत आणि श्वासनलिकेत नळी घालायची तयारी आत्ताच करायला हवी.

अतिदक्षता परिचर्येचे सगळे कसब या २५ आणि १८ मधल्या फरकात आहे. एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही. तो कुठून कुठे चालला आहे हे कळायला पुन्हा पुन्हा मोजणारा माणूस लागतो.

ऑक्सिमीटर इथे का फसवतो? तो रक्तातला ऑक्सिजन मोजतो, श्वासाची ताकद मोजत नाही. मास्कमधून ऑक्सिजन चालू असेल तर उथळ श्वासावरही रक्त बराच वेळ लाल राहते. कार्बन डायऑक्साइड मात्र आत साचत जातो. हाच चकवा १९५२ साली कोपनहेगनच्या डॉक्टरांना पडला होता. पोलिओची भयंकर साथ होती. रुग्णांची कांती गुलाबी दिसे, पण त्यांना दरदरून घाम येई, रक्तदाब चढे आणि ते दगावत. विषाणू मेंदूत पोहोचला, असा समज होता. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखले की हा साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम आहे. त्याने गळ्याला छेद देऊन नळी घालायला लावली आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबत रुग्णांना श्वास दिला. पुढच्याच वर्षी इब्सेनने त्या शहरात जगातल्या पहिल्या अतिदक्षता विभागांपैकी एक सुरू केला. आजच्या आयसीयूचा जन्म असा झाला: यंत्राआधी माणूस उशाशी बसला.

पल्स ऑक्सिमीटरचे मोल यामुळे कमी होत नाही. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या त्याच्या तत्त्वाने अगणित जीव वाचवले आहेत, आणि कोविडच्या काळात ते छोटे चिमटे घराघरांत पोहोचले. पण बोट थंड असेल, रक्तदाब पडला असेल किंवा नखाला गडद रंग असेल तर आकडा भरवशाचा राहत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातली लपलेली ऑक्सिजनची कमतरता हे यंत्र गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा चुकवते. उन्हातान्हात शेतावर राबणाऱ्या सावळ्या माणसांच्या तालुक्यात ही गोष्ट प्रत्येक वॉर्डात माहीत असायला हवी, असे मला फार वाटते.

म्हणून चांगली सिस्टर आधी रुग्णाकडे पाहते आणि मग मॉनिटरकडे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजते. १५ सेकंद मोजून चारने गुणत नाही, कारण आजारी माणसाचा श्वास एकसारखा नसतो. श्वासाचा वेग हे बिघाडाचे सर्वांत लवकर मिळणारे लक्षण आहे, आणि जगभरच्या रुग्णालयांत सर्वाधिक दुर्लक्ष होते तेही याच्याकडेच. ती नखावर दाब देऊन सोडते आणि रंग किती सेकंदांत परततो ते पाहते. गुडघ्याला हात लावून गारवा कुठपर्यंत चढला आहे याचा अंदाज घेते. युरोबॅगमध्ये तासाभरात किती लघवी जमली ते लिहिते. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर हवी. सलग दोन तास लघवी त्याखाली गेली, तर रक्तदाब ठीक दिसत असूनही ती डॉक्टरांना उठवते. शुद्ध मोजायला १९७४ सालची ग्लासगो पट्टी आहे: डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण.

आणि नेमकी हीच पट्टी मण्यारीच्या रुग्णात दगा देते. विष पुरते भिनले की डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही, बाहुल्याही उजेडाला प्रतिसाद देईनाशा होतात. गुण निघतात तीन. नवख्याला वाटेल की मेंदू संपला. प्रत्यक्षात हा माणूस पुरता शुद्धीवर असू शकतो. त्याला सारे ऐकू येत असते आणि सुईची टोच कळत असते, फक्त सांगायला एकही स्नायू हाताशी नसतो. मण्यारीचे विष मज्जातंतूंची टोकेच निकामी करते. एकदा झालेली ती हानी प्रतिविषाने भरून निघत नाही. टोके पुन्हा तयार होईपर्यंत, कधी काही दिवस, व्हेंटिलेटरने त्याच्यासाठी श्वास घ्यायचा आणि परिचारिकेने बाकी सगळे सांभाळायचे.

हे ‘बाकी सगळे’ फार मोठे आहे. पापण्या पुरत्या मिटलेल्या राहत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम घालून त्या चिकटपट्टीने बंद ठेवायच्या, नाहीतर माणूस वाचतो आणि बुबुळ जाते. उशाकडची बाजू ३० अंश तरी वर हवी. दर दोन तासांनी कूस बदलायची. नळी दातांपाशी किती सेंटिमीटरवर आहे ते प्रत्येक पाळीत लिहायचे. सक्शन करताना आधी सांगायचे, “दादा, आता नळी साफ करते, जरा त्रास होईल.” भेटायला आलेल्या बायकोला समजवायचे की त्याच्याशी बोला, उशाशी रडू नका, तो ऐकतोय. सर्वांत मोठी धास्ती असते ती नळीचा जोड सुटण्याची. दुसरा रुग्ण तडफडेल, हातपाय मारेल. हा जागचा हलणारही नाही. त्याच्यासाठी यंत्राचा अलार्म आणि सिस्टरचे कान हेच काय ते, म्हणूनच वारंवार वाजणाऱ्या अलार्मला वैतागून आवाज बंद करणे हा इथे अक्षम्य गुन्हा आहे. वीज गेली तर हाताने दाबायची अंबू बॅग त्याच खाटेला टांगलेली हवी, कपाटात नव्हे.

मग एखाद्या पहाटे पायाचे बोट किंचित हलते. ते पाहणारी बहुधा सिस्टरच असते.

घोणस आणि फुरसे यांची तऱ्हा वेगळी, त्यांचे विष रक्तावर जाते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची. मग तिरकी केल्यावर रक्त वाहिले तर ते गोठत नाही असे समजायचे. काचेची नळी आणि घड्याळ एवढ्यावर होणारी ही तपासणी आडगावातही चालते. प्रतिविष सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे खाट सोडायची नाही, कारण अंगावर गांधी उठून रक्तदाब कोसळू शकतो. ॲड्रिनलिन आधीच भरून हाताशी ठेवायचे.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजारांच्या आसपास. २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्याने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. त्यासाठी प्रतिविष लागेलच, पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका हा दंडकही कागदावरून खाटेपाशी यावा लागेल. तीन-चार गंभीर रुग्ण एकीच्याच माथी असतील, तर पुन्हा पुन्हा मोजायचे कधी?

शहापूरहून रुग्ण पुढे पाठवायचा म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरवर ठाणे-कळवा, मुरबाडहून कल्याण-उल्हासनगर. महामार्गावर भिवंडीची कोंडी आहेच. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या ताफ्यात सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या २३३ प्रगत, व्हेंटिलेटरसह, बाकीच्या मूलभूत सोयींच्या. कोणती गाडी वाट्याला येईल त्यावर नळी इथेच घालून पाठवायचे की कसे, हे ठरते. आणि ते ठरवताना पुन्हा तेच आकडे कामाला येतात. १८ वरून उतरत चाललेला रुग्ण नळीशिवाय गाडीत घालणे म्हणजे वाटेत पडघ्याजवळ श्वास थांबण्याचा धोका पत्करणे.

म्हणून सोबतच्या चिठ्ठीवर ‘सर्पदंश, पुढील उपचारांसाठी’ एवढेच लिहून भागत नाही. दंशाची किंवा पोटदुखी सुरू झाल्याची वेळ, पापण्या पडल्याची वेळ, प्रतिविषाच्या किती कुप्या कधी गेल्या, आणि प्रत्येक वेळी एका दमात किती आकडे झाले, हे घड्याळासकट हवे: ५.४० ला २५, ५.५५ ला १८, ६.१० ला ११. पलीकडच्या अतिदक्षता विभागातल्या सिस्टरने रुग्णाला अजून पाहिलेलेही नसते. ही ओळ फोनवर ऐकून ती व्हेंटिलेटर जोडून ठेवते आणि आपल्या तक्त्यातली पहिली नोंद त्या ११ च्या खाली सुरू करते.